सहा वेळा दारात

टिळक रस्त्यावरच्या एटीएमच्या काचेआड चीवर दिसलं, तेव्हा धोंडिबा ओव्हाळला आधी वाटलं, डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे काहीतरी भलतंच दिसत असेल. सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातून तो नुकताच बाहेर पडला होता. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, त्यात मार्चमधलं अकराचं ऊन. सगळा रस्ता नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखा चमकत होता आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं एकमेकांत विरघळून गेली होती. अर्धा तास बसा आणि मग जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दवाखान्यात बसलेले लोक एकमेकांकडे बघत राहतात, आणि बघणाऱ्या माणसांत बसायची धोंडिबाला पहिल्यापासून सवय नाही. म्हणून तो निघाला होता, भिंतीच्या कडेकडेने, पायांवर विसंबून. पाट्या वाचता येत नव्हत्या, पण चीवराचा तो मधासारखा रंग आणि डाव्या खांद्यावरची ती जाड गुंडाळी ओळखायला डोळे लागत नाहीत. काचेच्या त्या खोलीत भन्ते खन्तिको पाठमोरे उभे होते. मान पुढे झुकलेली, जसे ते पोथीवर झुकतात तशीच. उजवा हात बटणांवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. यंत्राने काही बाहेर सरकवलं. ते भन्तेंनी दोन बोटांनी उचललं, मोजलं नाही, झोळीत टाकलं आणि दार ढकलून उन्हात आले. धोंडिबा तोवर शेजारच्या रसवंतीच्या आडोशाला सरकला होता. आपण लपलो, हे त्याच्या लक्षात आलं ते रसवाल्याने अर्धा की फुल असं विचारल्यावर. अर्धा, तो म्हणाला, आणि रस्त्याकडे पाठ करून त्याने तो सगळा गोडमिट्ट रस घशाखाली घातला. घुंगरू लावलेला चरक फिरतच होता. तो आवाज त्याला नको होता, पण पेला संपेपर्यंत तिथून हलता येईना.

भन्ते खन्तिको थायलंडचे. त्या देशाच्या ईशान्येला कुठेतरी भाताच्या शेतांमध्ये त्यांचं गाव होतं आणि तिथल्या जंगलातल्या विहारात ते वयाच्या विसाव्या वर्षी भिक्खू झाले होते. विद्यापीठात पालीचा अभ्यास करायला म्हणून ते पुण्यात आले, तेव्हा धोंडिबाच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चाललं होतं. पेठेतल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं त्याने पुस्तकं काढून दिली आणि परत जागेवर लावली. काढून देता देता तो ती वाचत गेला. पाली कुणी शिकवली नाही. देवनागरी लिपीतल्या जुन्या आवृत्त्या, एक फाटका शब्दकोश आणि दुपारच्या डब्याची पाऊण तासाची सुट्टी, एवढ्यावर ती आली. आली की नाही याची त्याला स्वतःलाच शंका असे. एकदा एका विद्वानांनी त्याला पोथी उघडून बसलेलं पाहिलं आणि चष्म्यावरून विचारलं, “काय रे धोंडिबा, वाचतोयस की पानं मोजतोयस?” त्यानंतर तो कपाटांच्या मागे, खिडकीशी उभा राहून वाचू लागला. भन्ते पहिल्यांदा ग्रंथालयात आले तेव्हा त्यांनी मागितलेलं पुस्तक त्याने आणलं आणि सोबत न मागितलेलं दुसरं आणलं. त्यांना खरं तर ते दुसरंच हवं होतं. भन्तेंनी दोन्ही पुस्तकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि हात जोडून म्हणाले, आचान. त्यांच्या देशात गुरुजींना तसं म्हणतात, हे धोंडिबाला नंतर कळलं. त्या दिवशी त्याला एवढंच कळलं की आपल्या नावाच्या आधी ‘अरे’ लागलेलं नाही.

निवृत्तीनंतर दर रविवारी भन्ते विश्रांतवाडीला त्याच्याकडे येऊ लागले. दोघं मिळून विनय वाचायचे, म्हणजे भिक्खूंनी कसं वागावं याचे नियम. भन्ते ते नियम नुसते वाचत नव्हते, पाळत होते. सोन्यारुप्याला हात लावायचा नाही, म्हणजे आजच्या काळात नोटेलाही नाही. विहाराच्या समितीला आधी ते खरं वाटेना. मग अभिमान वाटू लागला. भन्तेंच्या गरजेसाठी लोक जे देतील ते धोंडिबाने जवळ ठेवायचं असं ठरलं, कारण, समितीचे अध्यक्ष म्हणाले तसं, ओव्हाळकाकांकडे पैसे ठेवणं म्हणजे कपाटात ठेवण्यासारखं आहे. ते कौतुक होतं की टोमणा, यावर त्याने आठवडाभर विचार केला. भन्तेंच्या गुरूंच्या विहारात एक रीत होती: पैसे सांभाळणाऱ्याकडे द्यायचे आणि भिक्खूच्या हातात फक्त चिठ्ठी ठेवायची, की इतक्या किमतीच्या वस्तूंची सोय अमुक यांच्याकडे केली आहे, लागेल तेव्हा त्यांना कळवावे. तिकडे अशा चिठ्ठ्या छापील मिळतात म्हणे. इथे धोंडिबा त्या वळणदार अक्षरांत लिहायचा. महापालिकेत झाडूकाम करणाऱ्या वेणूबाईंनी दिवाळीच्या बोनसमधले पाचशे रुपये दानपेटीत न टाकता त्याच्या मुठीत ठेवले होते आणि म्हणाल्या होत्या, “भाऊ, त्यांच्या हाताला लागू नये ना, म्हणून तुमच्या हाताला.” त्या रात्री झोपताना त्याने आपला हात उशीवर वेगळा ठेवला होता. एका स्वच्छ हाताच्या वतीने मळणारा हात. तीन वर्षं हा हात त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. आणि आज काचेआड तो दुसरा हात बटणं दाबत होता, सरावाने.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. संगमवाडीचा पूल, नदी, पुढे झोपड्या आणि त्यांच्या डोक्यावर मोबाइलच्या जाहिराती, सगळं पांढऱ्या उजेडात पोहत होतं. राग आला होता आणि तो राग त्याला बरा वाटत होता, थंडीत अंगावर घेतलेल्या घोंगडीसारखा. दीक्षा म्हणालीच होती. दीक्षा त्याची एकुलती मुलगी, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. आई गेल्यापासून घर तिच्याच हातात. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी ती बँकॉकला आठवडाभर राहून आली आणि फोटो दाखवता दाखवता सांगू लागली की तिथल्या विहारांत नोटांची झाडं असतात. काठ्यांना नोटा टाचून फांद्या करतात, मिरवणुकीने आणतात, वाजतगाजत. सात वारांच्या सात दानपेट्या, ज्याने त्याने आपल्या जन्मवाराच्या पेटीत टाकायचं. अंत्यविधीला आलेल्या भिक्खूंना पाकिटं. विहाराच्या आवारात एटीएम, आणि त्यासमोरच्या रांगेत एक भिक्खू, हातात तिच्या मोबाइलपेक्षा भारी मोबाइल. धोंडिबा तेव्हा इतकंच म्हणाला की आपले भन्ते तसे नाहीत. “तुमचे भन्ते,” दीक्षाने दुरुस्त केलं. तिचं आणि भन्तेंचं बिनसलं होतं ते कापडावरून. पहिल्यांदा घरी आलेल्या भन्तेंना तिने फळांचं ताट द्यायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी झोळीतून एक पिवळं कापड काढून समोर पसरलं आणि एक टोक बोटांनी धरून ठेवलं. बाईच्या हातून काही घ्यायचं तर ते त्या कापडावर ठेवायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. धोंडिबाने समजावून सांगितलं, नियमाचं मूळ सांगितलं. दीक्षाने ताट ठेवलं आणि भन्ते गेल्यावर शांतपणे म्हणाली, “पप्पा, गावात आजीच्या हातावर भाकरी वरून टाकायचे. मला खाली ठेवायला सांगतात. प्रगती आहे.”

घरी आल्यावर त्याने पडदे ओढले आणि डोळे मिटून पलंगावर पडला. राग अजून होता, पण आता त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं. दोन महिने तो जे दाबून ठेवत होता तेच. भन्तेंना यंत्रापाशी जायची वेळ का आली? त्यांच्या नावाने लोकांनी दिलेले त्रेचाळीस हजार रुपये धोंडिबाच्या खात्यात आहेत. आज आहेत. प्रश्न एवढाच होता आणि तो त्याला उघड्या डोळ्यांनी विचारवत नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी दीक्षाने मांजरीला फ्लॅट बघितला. मांजरी त्याचं गाव. जिथे उसाचे फड होते, जिथे महारवाड्यातल्या माणसांनी बांधावरूनसुद्धा जपून चालायचं, तिथे आता अकरा मजली इमारती उठत होत्या आणि त्यांच्या फाटकावर कुठल्या तरी परदेशी बागेचं नाव होतं. दीक्षाने नकाशावर बोट ठेवून विचारलं, आजीचं घर कुठे होतं? साधारण इथे, पार्किंगमध्ये, तो म्हणाला. दोघंही हसले. बुकिंगचे पैसे शनिवारपर्यंत भरायचे होते, सोमवारपासून भाव वाढणार होता, तिचे पैसे कुठल्या तरी ठेवीत अडकलेले. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे पप्पा, ती म्हणाली. तिने भन्तेंच्या पैशांचं नाव घेतलं नव्हतं. तिला ते ठाऊकही नव्हतं. तोच उठला, बँकेत गेला, पैसे काढण्याची स्लिप भरली आणि स्वतःचे होते ते आणि नव्हते ते असे एक्कावन्न हजार तिच्या हातात ठेवले. त्या वेळी त्याला आपण फार मोठं काही करतोय असं वाटलं होतं. आईच्या पार्किंगवर आता आपल्या मुलीचं दार. पंधरा दिवस भन्तेंना काय लागणार आहे. तीन वर्षांत त्यांनी चपलेच्या जोडापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी भन्ते दारात आले. रविवार नव्हता. सकाळचे नऊ वाजले होते, दीक्षा कंपनीच्या बसला गेलेली. धोंडिबा कपात चहा ओतत होता आणि उघड्या दारात उंबऱ्याच्या बाहेर कुणी उभं आहे असं त्याला जाणवलं. या भन्ते, बसा, तो म्हणाला. भन्ते आत आले, पण बसले नाहीत. भिंतीपाशी उभे राहिले, हात चीवराच्या आत, नजर जमिनीवर. त्याने खुर्ची पुढे केली. चहा दिला. त्यांनी घेतला नाही. धोंडिबाने विचारलं, “काही काम होतं का, भन्ते?” आणि भन्ते म्हणाले, “तुम्हाला ठाऊक आहे, आचान.” मग आणखी काही वेळ उभे राहून, हात जोडून निघून गेले. बस्स, एवढंच. कपातल्या चहावर साय धरली. धोंडिबाने स्वतःला सांगितलं, भन्तेंचं मराठी कच्चं आहे. ‘काही नाही’ म्हणायचं असेल. शुक्रवारी ते पुन्हा आले. पुन्हा तसंच, खुर्ची, चहा, प्रश्न, आणि तेच उत्तर, तितक्याच हळू आवाजात. डिसेंबरच्या तीन आठवड्यांत ते सहा वेळा आले. सहाव्यांदा चहा करायला तो स्वयंपाकघरात गेला आणि गरज नसताना तिथेच रेंगाळला, साखरेचा डबा पुसत.

त्याला ठाऊक होतं. पलंगावर पडल्या पडल्या, मिटल्या पापण्यांवर तांबडा उजेड घेऊन, धोंडिबाने हे वाक्य पहिल्यांदा पूर्ण होऊ दिलं. तो नियम त्याने भन्तेंबरोबर दोन रविवार वाचला होता. भिक्खूसाठी कुणी पैसे सांभाळणाऱ्याकडे ठेवले असतील आणि त्याला गरज पडली, तर त्याने सांभाळणाऱ्याला तोंडाने तीनदा आठवण करावी. नाही तर त्याच्या दारात नुसतं उभं राहावं, न बोलता, सहा वेळा. बस म्हटलं तर बसू नये. खायला-प्यायला दिलं तर घेऊ नये. कशासाठी आलात असं विचारलं तर इतकंच म्हणावं, तुम्हाला ठाऊक आहे. सहा वेळांनंतर उभं राहिलं तर तो त्याचाच दोष; मग ज्यांनी पैसे ठेवले त्यांना कळवावं. भन्तेंच्या गुरूंनी तोंडाने सांगायची मुभासुद्धा कधी वापरली नाही, हेही भन्तेंनीच त्या रविवारी सांगितलं होतं. आणि धोंडिबा तेव्हा म्हणाला होता, किती सुंदर नियम आहे हा, भन्ते. मागणाऱ्याची मान आणि देणाऱ्याचं मन, दोन्ही राहतं. ते त्याला आता शब्द न् शब्द आठवलं, आपल्याच आवाजात, आणि त्याने कूस बदलली.

कारण त्याहून जुनं असं एक उभं राहणं त्याला ठाऊक होतं. गावकीची, म्हणजे गावाची कामं करायची, पाळी त्यांच्या घराकडे असली की सांजेला आई टोपलं घेऊन भाकरी गोळा करायला निघायची, आणि सात-आठ वर्षांचा धोंडिबा तिच्या मागे, बापाची घुंगरांची काठी घेऊन. घरासमोर काठी आपटायची, घुंगरं वाजायची, आई एकदाच हाळी द्यायची आणि मग उभी राहायची. दुसऱ्यांदा हाळी द्यायची नाही, हा आईचा, चंद्रभागेचा, नेम होता. एका मोठ्या घरासमोर त्यांना फार वेळ लागायचा. ओट्यावर बसून घरातली बाई सुपात धान्य पाखडत असायची. घुंगरं वाजली की पाखडणारे तिचे हात एका क्षणापुरते थांबायचे, मग पुन्हा चालू व्हायचे, आणि नजर सुपातच. तो एक क्षण धोंडिबाला दिसायचा. आई म्हणायची, बाई कामात हाय, तिला दिसलं नसंल. पण पोराने ते हात थांबलेले पाहिलेले असायचे. त्या बाईच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, हेच त्याला पुढे आयुष्यभर कळलं नाही. साधा, घरगुती, जरा दमलेला चेहरा. छप्पन साली बापाने ती काठी गुडघ्यावर मोडली आणि आईने टोपलं चुलीत घातलं. कुनाच्या दारात आता उभं ऱ्हायचं न्हाई, ती म्हणाली. आणि तीन-चार वर्षांनी गावात पहिल्यांदा एक भिक्खू आले, पात्र घेऊन त्यांच्या झोपडीसमोर न बोलता उभे राहिले, तेव्हा तीच चंद्रभागा आधी चक्रावली आणि मग पिठाच्या हातांनी धावली. तव्यावरची पहिली भाकरी तिने त्या पात्रात घातली. रात्री सगळं आवरल्यावर ती नवऱ्याला सांगत होती, “माज्या दारात कुनी उभं ऱ्हायलं. आज, पयल्यांदा.” तिचा तो आवाज धोंडिबा अजून ऐकू शकतो. आणि गेल्या डिसेंबरात, त्या पहिल्या मंगळवारी, भन्ते उंबऱ्याशी उभे आहेत हे जाणवलं तेव्हा कपात चहा ओतणारे त्याचे स्वतःचे हात एका क्षणापुरते थांबले होते, आणि मग पुन्हा चालू झाले होते. पैसे तेव्हा खात्यात नव्हते. तेवढं सांगायचं होतं. भन्ते, पंधरा दिवस थांबा, मी मुलीला दिले. भन्ते थांबले असते, किंवा समितीकडून दुसरी काही सोय झाली असती. पण ते एक वाक्य सहा वेळांत त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि जानेवारीच्या दोन तारखेला दीक्षाने पैसे परत केले तेव्हा उभं राहायला कुणी येत नव्हतं. भन्तेंची आई डिसेंबरअखेर, तिकडे गावी, वारली. विहारात सूत्रपठण झालं. महिनाभर आजारी होती म्हणे, वेणूबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, जायला मिळालं असतं तर भेट झाली असती. धोंडिबा शेवटच्या रांगेत चपलांजवळ बसला होता. नंतर त्याने भन्तेंना कळवलं की डोळ्यांचा त्रास आहे, काही रविवार वाचन नको. डोळ्यांचा त्रास खरा होता, एवढीच काय ती त्यात जमेची बाजू.

संध्याकाळी दीक्षा आली. तो अंधारात बसलेला पाहून तिने दिवा लावला, डॉक्टर काय म्हणाले विचारलं. मोतीबिंदूची सुरुवात, तो म्हणाला. आणि मग, तिच्याकडे न बघता, बाकीचंही सांगितलं. ती बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळत बसली होती. तिला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ती कोरडी होते. ही तिच्या आईची सवय. पैसे त्यांचे होते हे तुम्ही मला का नाही सांगितलं, तिने विचारलं. सांगितलं असतं तर तू घेतले नसतेस, तो म्हणाला. ती उठून कुकर लावता लावता म्हणाली, “परत तर केले ना आपण? आता समितीसमोर जाऊन रडू नका. तुम्हाला माफी मागायची नसते पप्पा, तुम्हाला शिक्षा हवी असते.” हे तिने इतकं सरळ सांगितलं की त्याला हसू आलं. पण ती आत होती तेवढ्या वेळात त्याने स्वतःला तपासून पाहिलं. समितीसमोर गेलो तर लोक म्हणतील, ओव्हाळकाका किती प्रामाणिक. खोटं नव्हे, तसंच म्हणतील. तेही त्याला हवं असेल का? आपण भन्तेंवर चिडलो होतो, सकाळी, रसाचा पेला हातात घेऊन. ज्याला दारातून रिकामं पाठवलं त्याने दुसरं दार शोधलं म्हणून. हे कुठल्या तरी पुस्तकात वाचलं असतं तर असल्या माणसाला त्याने काय म्हटलं असतं? त्याला शब्द सुचला नाही. पालीतही नाही.

सकाळी तो बँक उघडताना दारात होता. त्याच्याकडे कार्ड नाही. स्लिप भरली, खिडकीतल्या मुलीने सही दोनदा ताडून पाहिली. त्रेचाळीस हजारांचं पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून तो भन्तेंच्या खोलीकडे चालू लागला. धानोरी रस्त्याला एका उपासकाने आपल्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची एक खोली त्यांना दिली होती. वाटेत त्याने वाक्य तयार केलं. भन्ते, माझ्याकडून अपराध झाला. मग ते फार पुस्तकी वाटलं म्हणून बदललं. भन्ते, पैसे नव्हते. मग तेही बदललं, कारण त्यात स्वतःला वाचवण्याचा वास होता. तिसऱ्या मजल्यावर पोचला तर दाराला कुलूप. तो खाली गेला नाही. कठड्याला न टेकता दारासमोर उभा राहिला. समोरच्या फ्लॅटमधून फोडणीचा वास आला, एका बाईने दार किलकिलं करून त्याला पाहिलं आणि बंद केलं. तासभर झाला असेल. पाय भरून आले. आई किती वेळ उभी राहायची, हे त्याला कधी नीट आठवत नव्हतं. पोराला वेळ मोजता येत नाही. आज घड्याळ होतं.

भन्ते जिना चढून आले ते धापा टाकत, एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात किल्ली. त्याला पाहून क्षणभर थबकले. आचान, ते म्हणाले, कुलूप काढलं आणि आधी त्याला आत जायला वाट दिली. खोलीत एक सतरंजी, एक प्लास्टिकची खुर्ची, पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेलं चीवर. पुस्तकांवर त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा, रबर लावून ठेवलेला. भन्तेंनी खुर्ची पुढे केली. बसा. धोंडिबा बसला नाही. भिंतीपाशी उभा राहिला. भन्तेंनी छोट्या शेगडीवर पाणी ठेवलं, चहा केला, कप त्याच्या हाताजवळ आणून धरला आणि त्याने घेतला नाही तेव्हा खुर्चीवर ठेवला. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गेल्या तीन महिन्यांत बारीक झाला होता. “काही काम होतं का, आचान?”

तयार केलेलं वाक्य कुठेच नव्हतं. ना पहिलं, ना तिसरं. धोंडिबाच्या तोंडून जे आलं ते त्याने तयार केलेलं नव्हतं. “तुम्हाला ठाऊक आहे, भन्ते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती तीनदा घरघरली आणि मग चालू झाली. भन्ते सतरंजीवर बसले. “हो,” ते म्हणाले. “ठाऊक आहे. तेव्हा पण होतं.”

“मग सहा वेळा कशाला आलात? समितीला सांगायचं होतं. नियमात तेही आहे.” आपण जवळजवळ तक्रारीच्या सुरात बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं, पण आवाज आवरता येईना.

भन्ते शब्द जुळवत राहिले. त्यांना मराठी बोलायला नेहमीच वेळ लागतो. “पहिल्यांदा माणूस घाबरतो,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा पण. म्हणून सहा दिलेत.” मग त्यांनी सांगितलं की आईच्या शंभराव्या दिवशी तिकडे मोठी पूजा असते, थोरल्या मुलाने असावं लागतं. भावाने बँकेचं कार्ड पाठवलं. तो बँकॉकला टॅक्सी चालवतो, त्याच्याकडेही फार नसतात. जमतील तसे टाकतो, आणि तसे भन्ते काढतात. तिकिटाला अजून कमी आहेत. काढताना पहिल्या दिवशी यंत्राने कार्ड परत दिलं ते घ्यायचं विसरले होते. मागच्या मुलीने धावत येऊन दिलं. हे सांगताना ते किंचित हसले. मित्र-भिक्खूसमोर ते प्रत्येक वेळी नियम मोडल्याची कबुली देतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जातात.

धोंडिबाने पाकीट बाहेर काढलं. काढल्यावर त्याला कळलं की हेही चुकलं. पैसे आणून द्यायचे नसतात. जे लागतं ते आणून द्यायचं असतं. एवढं साधं काम होतं, हाताचं काम. तो म्हणाला, “भन्ते, तिकीट मी काढून आणतो. आत्ता जातो. मुंबईहून थेट विमान असतं, दीक्षाला माहीत आहे. तुम्ही हात लावू नका.”

“राहू द्या, आचान,” भन्ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर धोंडिबाला उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता. “आता मला जमतं.”

आणि त्यांनी हात पुढे केला. कापड पसरलं नाही, झोळी उघडली नाही. नुसता उघडा तळवा, दुधाच्या पिशवीने ओला, बोटांवर पिशवीच्या काठाचा तांबूस वळ. धोंडिबा बराच वेळ पाकीट धरून उभा राहिला. मग त्याने गुडघे वाकवले, दुखत होते तरी, आणि सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीला आपला हात आणला, म्हणजे काही वरून पडणार नाही. पाकीट ठेवलं. बोटांना बोटं लागली. भन्तेंचा हात गरम होता.

“आता बसा,” भन्ते म्हणाले.

तो बसला. खुर्चीवरचा चहा गार झाला होता. तो त्याने कपाच्या तळापर्यंत प्यायला. भन्ते पाकीट हातात घेऊन तसेच बसले होते, ते कुठे ठेवायचं हे न सुचल्यासारखे. थेंबांचा परिणाम कालच उतरला होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो हात, त्यावरच्या रेषा, नखांखालचा पांढुरका भाग, पाकिटाच्या कडेवर टेकलेला अंगठा, सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि धोंडिबा नजर न हलवता बघत राहिला.